तारेला मारलेली गाठ

विजेच्या तारेला मी गाठ मारली होती. वरचं प्लास्टिक न सोलता, धाग्याला मारतात तशी. लाल तार लाल तारेला, काळी काळीला. गाठ इतकी बारीक आणि घट्ट बसली होती की मी चष्मा वर करून ती पुन्हा एकदा बघितली आणि स्वतःवरच खूश झाले. कॉम्प्युटरचा पंखा मात्र फिरला नाही. तो का फिरला नाही, हे आज माझी नववीतली नात भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगेल. पण तेव्हा ती आईच्या पोटात होती, आणि घरात सगळ्यात शहाणी मीच होते.

सिल्वासाला आम्ही धुळ्याकडून आलो ते धाग्याच्या कारखान्यांमुळे. मी वाइंडिंग खात्यात होते. काम एकच. धागा तुटला की दोन टोकं पकडायची, गाठ मारायची, जास्तीचं टोक कापायचं, की मशीन पुढे चालू. दिवसभर उभं राहून तेच. घरी येऊन कणीक मळताना बोटं आपोआप वळायची. इतकी वर्षं गाठी मारल्यावर माणसाची अशी समजूत होते की टोकाला टोक जुळलं की जगातलं काहीही पुढे चालू होतं. माझी झाली होती.

सून घरी बसून टायपिंग करायची. गावात गुजराती टाइप करणारे पुष्कळ, मराठी करणारं कुणी नीट मिळायचं नाही. म्हणून मराठी शाळेचे परीक्षेचे पेपर तिच्याकडे येत. तिला सहावा महिना चालू होता, पाय सुजलेले. कारखान्यात उभं राहायचं तिच्याच्याने होणारं नव्हतं, आणि मी ज्या खात्यात आयुष्य काढलं तिथे तिने यावं असं मलाही वाटत नव्हतं. मुलगा सुरतेला कामाला होता, सुट्टी मिळाली की यायचा. हे टायपिंग तेवढं तिचं स्वतःचं होतं.

त्या सहामाहीच्या वेळी कॉम्प्युटरच्या डब्यातला छोटा पंखा घरघरायला लागला आणि एक दिवस बंदच पडला. आमच्या वस्तीत हवेतच धाग्याचे तंतू असतात, ते त्याच्या पात्यांत गुंडाळून बसले होते. पंखा नाही म्हणून आतला भाग तापायचा आणि कॉम्प्युटर मध्येच पट्कन विझायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारी संध्याकाळी येतो. पेपर द्यायचे होते सोमवारी सकाळी. शाळेतल्या मोठ्या बाई कोकणातल्या, बोलायला गोड पण वेळेच्या कडक. त्यांनी सांगून ठेवलं होतं की वेळेवर जमत नसेल तर पुढचे पेपर आम्ही वापीहून करून आणू.

सुनेने उपाय काढला. डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि आमचा टेबल पंखा त्याच्या तोंडाशी लावून ठेवला. कॉम्प्युटर चालू राहिला.

आणि मी दमून भागून घरी यायचे तर घरातला एकुलता एक टेबल पंखा त्या डब्याला वारा घालतोय. गर्भार सून पदराने घाम पुसतेय, सासू घामाने निथळतेय, आणि पत्र्याचा डबा मात्र नवाबासारखा हवा खातोय. मला त्या डब्याचा राग आला. मला तेव्हा कशाचाही राग यायचा. दमलेल्या माणसाला राग येतो आणि त्याला वाटतं आपल्याला अक्कल आली.

शनिवारी पहिल्या पाळीवरून येताना मी बाजारातून तेवढाच छोटा पंखा विकत घेतला. घरी आले तर सून नव्हती. सातवीच्या इतिहासाच्या पेपरात काही विचारायचं राहिलं म्हणून शाळेत गेली होती. जाताना कॉम्प्युटर चालू ठेवून, टेबल पंखा त्याच्या तोंडाशी लावून गेली होती. मी भिंतीतली पिन सरळ ओढून काढली. मशीन बंद करायचं म्हणजे असंच करायचं, असं मला वाटायचं.

स्क्रू काढून जुना पंखा सोडवला. नवा त्याच्या जागी बरोब्बर बसला. पण तारेच्या टोकाचा खटका वेगळा. जुन्याचा छोटा, तीन भोकांचा, नव्याचा चांगला रुंद. म्हटलं, यात काय. दोन्हीच्या तारा कापल्या. जुन्याचा खटका होता तिथेच राहू दिला आणि त्याच्या तारा नव्या पंख्याच्या तारांना गाठी मारून जोडल्या. जुन्याची एक पिवळी तार उरली. नव्याला पिवळी तार नव्हतीच. तिला म्हटलं, तू बस बाई तशीच.

पिन लावली, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा ढिम्म.

गाठी कापल्या आणि पंखा पिशवीत टाकून तडक दुकानात गेले.

"मेलेला पंखा दिला तुम्ही मला," मी म्हटलं.

दुकानदाराने तारांची टोकं नखाने सोलून आपल्या यंत्राला टेकवली. पंखा भिरभिरला. "जुओ मासी, फरे छे ने?"

"इथे फिरतो. माझ्या घरी नाही फिरत."

"तो घर में गडबड होगी, मासी."

"माझ्या घरात गडबड काढतोस?"

तो बिचारा थकला होता. त्याने पंखा बदलून दिला आणि हात जोडले. ते हात मी विजयाचे समजले. घरी येऊन नव्या पंख्याला, पुन्हा तशाच न सोललेल्या तारांना, पहिल्यापेक्षा सुंदर गाठी मारल्या. पंखा पुन्हा ढिम्म. मी बटण दाबत राहिले, कॉम्प्युटर थोडा वेळ चालू व्हायचा आणि विझायचा. शेवटी लागेचना.

सून दारात आली तेव्हा मी डब्यापुढे मांडी घालून बसले होते.

ती वाकून बघत राहिली. "आई, हे काय आहे?"

"गाठ."

"ते दिसतंय. आतली तार कुठे जोडली?"

"आतली म्हणजे?"

ती हळूच जमिनीवर बसली, नेलकटर घेतला, प्लास्टिक सोललं. आत तांब्याचे केसासारखे तंतू निघाले. ते तिने एकमेकांत पिळले, वर चिकटपट्टी गुंडाळली. कॉम्प्युटर निवायला थोडा वेळ दिला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर मात्र सूचना आली की पंखा सापडत नाही.

"फिरतोय तर," मी म्हटलं.

"ती पिवळी तार त्याला कळवते की पंखा किती फिरतोय. ती नाही, म्हणून त्याला कळत नाही." तिने एक बटण दाबलं आणि कॉम्प्युटर पुढे सरकला. मग तिने इतिहासाचा पेपर उघडायला घेतला. उघडेना. तो उघडा असतानाच मी पिन ओढली होती. बाकीचे पेपर धड होते, हा एक गेला होता.

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि बराच वेळ त्याच्या काठावर ओठ ठेवून बसली. ती चिडली असती तर मी उलट बोलले असते, मला ते जमत होतं.

रविवारी आम्ही दोघी बसलो. बाईंच्या हाताने लिहिलेला कागद मी वाचायचा, तिने टाइप करायचं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, त्यामुळे मला वाटलं हा आपलाच पेपर आहे. मी प्रश्नांबरोबर उत्तरंही सांगू लागले.

"आई, नुसते प्रश्न."

"बरं. गाळलेल्या जागा भरा."

"आणि जागा भरू नका."

जोड्या लावापर्यंत मी तग धरला. पुढचं मला आठवत नाही. उठले तर मानेखाली उशी होती, ऊन उतरलं होतं आणि ती एकटीच कागद मांडीवर घेऊन टाइप करत होती. एका हाताने कंबर दाबत.

सोमवारी सकाळी ती पेपर घेऊन गेली. माझी दुपारची पाळी होती, तरी मी सकाळीच जेवणाचा डबा भरून दारातच बसले. ती आली ती उन्हाने लाल होऊन. चपला काढल्या, भिंतीला टेकली.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं. "गेलं का काम?"

ती म्हणाली, "राहिलं काम. वार्षिकचे पेपरही आपल्याकडेच येतील. पण आई, पाळीवरून आलात की काही दुरुस्त करत जाऊ नका. आधी झोपत जा."