अण्णामामाचे चुरमुरे

तुम्ही मला ओळखत नाही, बहुतेक त्यामुळंच आज हे सांगायला बसलेय. घरात याचा एक शब्दही माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेला नाही. नवऱ्याला ठाऊक नाही. आईला तर नाहीच — ज्याच्याबद्दल सांगायचंय तो तिचा पाठचा भाऊ. आमचा अण्णामामा.

आधी मामाबद्दलच सांगते. मुद्दा टाळायचा म्हणून नव्हे — किंवा असेलही तसं, कोण जाणे. पण मामा कसा माणूस आहे हे कळल्याशिवाय मी काय केलं ते तुम्हाला नीट कळणार नाही.

निपाणीत, चिकोडी रस्त्याला, मामाची चुरमुऱ्याची भट्टी होती. पत्र्याची शेड, मध्ये मोठी लोखंडी कढई, तिच्यात तापलेली वाळू आणि खाली भाताच्या तुसाचा जाळ. मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेले तांदूळ त्या वाळूत पडले, मामानं झाऱ्यानं चार हात मारले, की बघता बघता ते टरारून फुलायचे. चाळणीत ओतायचं, वाळू खाली गळायची आणि वर पांढरेशुभ्र चुरमुरे. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथं गेले की पहिल्या घाण्यातले चुरमुरे माझ्या फ्रॉकच्या ओच्यात पडायचे. "फुंकून खा गं आक्का, लई गरम हायत." भाचीला आक्का म्हणणारा हा असला मामा. बाजारात गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये कडकडून भांडायचा, पण आमच्यावर त्याचा आवाज कधी चढला नाही. त्याचे डोळे मात्र कायम लाल असायचे. धुरानं. रात्री मामी त्याच्या डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवायची आणि तो तसाच पडून आम्हाला भुताच्या गोष्टी सांगायचा.

त्या डोळ्यांसाठीच मी तो विषय घेतला. हे खरं आहे, एवढं तरी खरं आहे. बेळगावला एम.टेक.ला होते. छोट्या उद्योगांतली यंत्रं आणि कामाच्या पद्धती सुधारायच्या, असा आमच्या सरांचा संशोधनाचा विषय. कुणी फौंड्रीतल्या ओतकामावर काम करत होतं, कुणी काजू फोडण्यावर. मी म्हटलं, चुरमुऱ्याची भट्टी. वर्गात हसले सगळे. सर हसले नाहीत.

मी यंत्र काढलं ते असं: आडवं फिरणारं लोखंडी पिंप, त्यात वाळू, खाली बंद चूल, धूर नळीतून थेट पत्र्यावर. एका बाजूनं तांदूळ टाकायचे, दुसऱ्या बाजूनं चुरमुरे चाळून बाहेर. माणसानं जाळाजवळ तोंड न्यायचंच नाही. बेळगावातल्या एका वर्कशॉपमधून ते करून घेतलं आणि टेंपोत घालून निपाणीला नेलं. मामानं शेडचा अर्धा भाग रिकामा करून ठेवला होता. यंत्र उतरवल्यावर नारळ फोडला. शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आमच्या आक्कानं केलंय. स्वतःच्या डोक्यानं!"

आणि ते चाललं नाही.

म्हणजे — पहिला घाणा सुरेख निघायचा. दुसरा बरा. त्यानंतर वाळू एका बाजूला निवायची आणि तांदूळ फुलायचेच नाहीत. निम्मे गणंग. दाताखाली खडा यावा तसे कडक. मी आठवड्यामागून आठवडे निपाणीला जात राहिले. जाळ वाढवला, पिंपाचा वेग कमी केला, उतार बदलला. धूर नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते, सगळं होतं — फक्त चुरमुरे नव्हते. मामा म्हणायचा, "हुतंय हुतंय, घाई न्हाय." आणि पुन्हा आपल्या जुन्या कढईकडे वळायचा, कारण बाजाराचा माल त्याला रोज द्यायचाच होता.

परीक्षेसाठी बाहेरगावचे एक प्राध्यापक येणार होते. ते यंत्र प्रत्यक्ष बघायला निपाणीला यायचं म्हणाले. मी सरांना सांगू शकले असते ना, की काम अजून पुरं नाही? मुदत वाढवून मिळाली असती. मागच्या वर्षी एकाला मिळाली होती. पण मी वर्गात पहिली येणारी मुलगी. मला अपुरं काम घेऊन उभं राहायची सवय नव्हती. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं, सापडलं नाही.

त्या दिवशी सकाळी मामा आणि मामी पाहुणे यायचे म्हणून आंघोळ करून कपडे बदलायला घरात गेले होते. शेडमध्ये मी एकटी. कोपऱ्यात मामानं पहाटे भाजलेल्या चुरमुऱ्यांची पोती उभी होती. सलग दिवसभर यंत्र चालवून जमवलेला माल म्हणून मला नमुन्याच्या पिशव्या दाखवायच्या होत्या. त्यांत गणंगच गणंग होते. मी त्या रिकाम्या केल्या. मामाच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळी-ओंजळीनं त्या पिशव्या भरल्या. मला आठवतंय, मी पोत्याचं तोंड पुन्हा होतं तसंच बांधलं, अगदी व्यवस्थित.

आमचे सर आणि ते बाहेरचे सर, दोघे आले. त्यांच्यासमोर एकच घाणा काढला — पहिला, सुरेख. मग पिशव्या उघडल्या. बाहेरच्या सरांनी मूठभर तोंडात टाकले, आणखी मूठभर घेतले, म्हणाले, "वा! इतके हलके चुरमुरे मी खाल्ले नाहीत. यंत्रातनं असे निघतात?" मी मान हलवली. मामा दाराशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून. सरांनी त्यालाही पिशवी पुढं केली. "नको नको सर, आमी रोजचंच," म्हणून त्यानं लाजून हात मागं घेतला. ते त्याचेच चुरमुरे होते. ती वाहवा त्याची होती. त्याच्या समोर, त्याच्याच घरात, मी ती घेतली.

इथंच हे संपलं असतं तर मी कदाचित विसरूनही गेले असते. डिग्री मिळाली, पेढे वाटले. पण मामानं काय करावं? त्यानं ऐकलं होतं ना, एवढा मोठा माणूस काय म्हणाला ते! त्याला वाटलं, मशीन अखेर जमलं. पुढच्याच आठवड्यात त्यानं जुनी भट्टी फोडली. विटा शेजाऱ्याला दिल्या, कढई भंगारात. मला फोन करून सांगितलं, "आक्का, आता निस्तं तुजं मशीन. मामी लई खूश हाय, घरात धूर न्हाय."

आता सांगते त्यासाठी हे सगळं लिहितेय.

मी तेव्हा बोलले असते तर भट्टी पुन्हा बांधता आली असती. विटा शेजारीच होत्या. मी म्हटलं, "छान झालं मामा."

मग त्याचे फोन सुरू झाले. "आक्का, कडक व्हायल्यात गं. माजं कुठं चुकतंय?" मला ठाऊक होतं कुठं चुकतंय. तरी मी म्हटलं, मीठ कमी करून बघ. त्यानं मीठ कमी केलं. पुन्हा फोन. मी म्हटलं, तांदूळ जास्त वाळव. त्यानं गच्चीभर तांदूळ पसरले, मामी दिवसभर काठी घेऊन चिमण्या हाकत बसली. पुन्हा फोन. तेव्हा मी म्हटलं, तांदूळच बदलून बघ, खानापूरकडचा जाड तांदूळ आण. का म्हटलं? काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. आणि तो गेला. पाऊस मी म्हणत होता, तरी बस बदलत खानापूरला गेला, खेड्यात ओळख काढून पोती घेऊन आला. दोन दिवस तापानं पडून होता म्हणे. मामीनं सांगितलं, फोनवर, काही तक्रार म्हणून नाही. "तुज्या मामाला तुजं मशीन चालवून दाखवायचंच हाय बघ."

ते तांदूळही फुलले नाहीत.

हळूहळू गिऱ्हाईक दुसरीकडं वळलं. मामानं शेड बंद केली आणि चुलतभावाच्या खताच्या दुकानात बसायला लागला. यंत्रावर ताडपत्री घातली. पण ते विकलं नाही, आणि एकदाही — एकदाही — माझ्या नावानं बोटं मोडली नाहीत. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर हसून सांगायचा, "मशीन झकास हाय. मोठ्या सायबानं पास केलंय. मलाच चालवाय येत न्हाय. आडाणी हात." लोक हसायचे. मीही तिथं असायचे. वाढपाला उठायचे.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. टिळकवाडीत घर झालं. मामा-मामी वास्तुशांतीला दोन दिवस आधीच येऊन राहिले, सगळं सामान मामानं लावून दिलं. आमचं काही बिनसलं नाही. असं बिनसलं असतं तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे एम.टेक.ला आलेल्या प्रियांका नावाच्या मुलीनं माझाच जुना विषय मागितला. थोड्या दिवसांनी ती माझ्या टेबलाशी येऊन घुटमळली. "मॅडम, तुमच्यासारखा माल येत नाहीये. दोन घाण्यांनंतर बिघडतंय. माझंच काहीतरी चुकत असेल." जवळजवळ मामाचंच वाक्य. तिला मात्र मी सांगितलं — तुझं चुकत नाही, पिंपाच्या एकाच टोकाला जाळ लागतोय, वाळू निवते. खरं का बोलले? कारण ती मला मामासारखी प्रिय नव्हती, तिच्यासमोर खाली बघायला मला तेवढं जड गेलं नाही. आणि तरीही माझ्या पिशव्यांचं नाहीच सांगितलं. तिनं पिंपाला आतून पाती लावली, जाळ लांबवर पसरवला, आणि यंत्र चाललं. घाण्यामागून घाणा.

कॉलेजच्या आवारात तिनं ते सगळ्यांना चालवून दाखवलं. आईनं मामाला कळवलं होतं. तो निपाणीहून आला, धुतलेली टोपी घालून, थोडा वाकलेला. बाहेरून यंत्र माझ्या जुन्यासारखंच दिसत होतं. मामा भोवती फिरला, पत्र्यावरून हात फिरवला. मग प्रियांकाला म्हणाला, "बाळ, मी घालू का जरा तांदूळ?"

त्यानं घातले. पिंप फिरलं आणि पलीकडून भरभरून चुरमुरे सांडायला लागले. सलग. मामानं ओंजळ पुढं केली. त्याचा चेहरा इतका खुलला की प्रियांका टाळ्या वाजवायला लागली. तो माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आनंदानं म्हणाला,

"बघितलंस आक्का? मशीन चांगलंच हुतं! त्या टायमाला माजंच चुकत हुतं बघ. मी उगंच कदी कदी मनात आणायचो, मशीनलाच काय तरी झालं असंल म्हणून. आज फिटलं ते."

फिटलं, म्हणाला. एवढीशी शंका त्यानं माझ्याबद्दल मनात ठेवली होती, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

माझ्याभोवती माझे विद्यार्थी होते, सहकारी होते. दोन वाक्यं पुरली असती. मामा, हे मशीन ते नाही. ते मशीन कधीच चाललं नव्हतं. नंतर घरी, जेवताना, आम्ही दोघंच असताना तरी? तेव्हाही नाही. तिथं आवारात मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "ऊन लागतंय मामा. चल, चहा घेऊ."

पहिल्या वेळी मी तरुण होते, घाबरलेली होते, असं कुणी म्हणेल. दुसऱ्या वेळी मी पन्नाशीला टेकलेली बाई होते आणि मला कसलीच भीती नव्हती. दुसऱ्या वेळी मी नुसती गप्प बसले.

मामा निपाणीत आहे. तब्येत बरी आहे. परवा फोनवर मामी सांगत होती, दुकानात येईल त्याला तो प्रियांकाच्या यंत्राची गोष्ट सांगतो, आणि शेवटी आपल्या अडाणी हाताला हसतो.