जुरीबाईच्या दारातलं पाणी

जुरीबाईच्या दारात पाणी फुकट मिळत नसे. भामरागडच्या पुढे, पावसाळ्यात जिथला रस्ताच नाहीसा होतो, अशा गावात मी मास्तर म्हणून पोचलो तो भर उन्हात. पहिलंच घर तिचं. पाणी मागितलं, तर म्हातारी भरलेला तांब्या छातीशी धरून उभी! "येर म्हण," म्हणाली. येर म्हणजे तिथल्या माडिया भाषेत पाणी. मी निमूटपणे "येर" म्हणालो, तेव्हा कुठे तांब्या सुटला.

"तू आमच्या पोरायले मराठी शिकवशील, मास्तर. मंग माडिया कोन शिकवल? मी तहानेवर शिकवते," ती म्हणाली. शाळेतून सुटलेली पोरं तिच्या दाराशी थबकायची, येर म्हणायची, पाणी पिऊन पळायची.

पण सख्खी नात, रोशनी, तिच्या हाती लागेना. मुलगा घुग्घुसच्या खाणीत डंपर चालवायचा. पोरगी तिथेच जन्मली, वाढली, गावी कधी आलीच नाही. शाळेमागच्या टेकडीवरच काय ती मोबाईलला रेंज. म्हातारी मला ओढत वर न्यायची आणि माझा फोन कानाला लावून माडियात सुरू व्हायची. पलीकडून रोशनी म्हणायची, "आजी, मले समजत नाई. मराठीत बोल ना वं." बाजारात मोहफुलांच्या भावावरून व्यापाऱ्याशी मराठीत कडाकडा भांडणारी ही बाई, पण नातीशी मराठीचा एक शब्द नाही! पोरगी कंटाळून फोन ठेवायची.

मी चिडायचो. "अगं बाई, आधी लेकराशी गोड बोल. भाषेचं मग बघू!"

"मराठी तिच्यासंगं सारी दुनिया बोलते. माडिया मी एकलीच. मी बी सोडली तं तिच्यापाशी काय राह्यलं?" एवढं बोलून ती बंद फोन पुन्हा कानाला लावायची. जीव तुटायचा बघून.

एका उन्हाळ्याच्या शेवटी तिला लकवा झाला. मुलगा तिला घुग्घुसला घेऊन गेला. मला वाटलं, चला, आजी-नात एका छपराखाली तरी आल्या. मग पाऊस लागला, पूल बुडाला. एकदा मी टेकडीवर असताना फोन वाजला.

"मास्तर, मी रोशनी. लकव्यानं आजीची मराठी पार गेली जी. बाबा ड्यूटीवर, त्याईचा फोन लागत नाई. सकाळपासून आजी येर, येर करून राह्यली. दूध दिलं, चहा दिला, तं तोंड फिरवते. हा येर कोन आहे? कोनाले बोलावू?"

"कोणाला नको बोलावू, पोरी! पाणी मागतेय ती. पाणी दे आधी!"

भांड्याचा आवाज आला. मग रोशनीचं रडणं आणि त्यातूनच, "येर घे आजी, येर घे." मग म्हातारीचा आवाज आला. अडखळत, पण बराच वेळ ती काहीतरी बोलत राहिली.

"मास्तर, आजी बोलली! काय म्हनली जी?"

मला तिच्या दारात पाणी मागण्यापुरतीच माडिया आली होती. "फोन ठेवू नको," म्हणत मी कडेला धावलो, खाली गावाकडे हाका मारल्या. माणसं वर येईपर्यंत रेंज गेली होती, ती त्या पावसात पुन्हा आलीच नाही.

पाणी ओसरून रस्ता सुरू झाला, तेव्हा कळलं की जुरीबाई गेली. रोशनीचा अजून फोन येतो. आजी काय बोलली असेल, हेच विचारते. काय सांगू मी तिला?