चौकटीत उरलेला हात

"आणि या आमच्या इंदूबाई. मुलींना नऊवारी नेसवायला यायच्या. काष्टा असा घट्ट घालायच्या, की मुलगी कितीही नाचली तरी सुटायची बिशाद नाही. त्यांच्यासाठीही एकदा टाळ्या होऊन जाऊ देत!"

माइकवर ताई होत्या, ज्यांच्याकडे मी कथक शिकले त्या. लोक हसले. टाळ्या वाजल्या. पुण्यातल्या टाळ्या, मोजूनमापून, पण वाजल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवरून आई उठली. पदर सारखा केला आणि हात जोडले. उजवीकडे, डावीकडे, मग मागे वळून. थिएटरात आयुष्य गेलेली बाई. टाळी वाजली की नमस्कार करायचा, एवढं तिच्या अंगातच मुरलेलं. टाळी कशाची आहे हे तिला नीट कळलं होतं. तरी हात जोडले गेले.

मी बसून होते. सगळ्यांसमोर कुणी थोबाडीत मारावी तसं झालं होतं मला.

नेसवायला यायच्या म्हणे. माझी आई!

नृत्याच्या छायाचित्रांच्या संग्रहाचं उद्घाटन होतं ते. हिंजवडीत कंपनी असलेल्या एका साहेबांनी पैसा उभा केला होता, त्यांच्या मिसेस ताईंकडे कथक शिकायच्या. साहेबांनी लॅपटॉपवर बटण दाबलं आणि पडद्यावर वेबसाइट उघडली. हॉलच्या भिंतींवर मोठमोठे फोटो लावले होते. सगळ्यात मोठा फोटो दारासमोर. त्यात ताई बसलेल्या, तरुण. एक गुडघा उभा, मान जराशी वळवलेली, डोळ्यांत लटका राग. खाली छापलं होतं, 'बैठकीची लावणी : ताईंचा शोध'.

फोटोच्या डाव्या कडेला एक हात होता. नुसता मनगटापर्यंत. हिरव्या बांगड्या, बोटं उघडलेली. ताईंच्या गुडघ्यावरून आल्यामुळे तो कापता आला नव्हता. बाकीची बाई कापली होती.

तो हात माझ्या आईचा.

एका पाहुण्या बाईंनी आत शिरता शिरता विचारलंही होतं, "अहो, हा हात कोणाचा?" ताई म्हणाल्या, "असेल कोणी साथीला बसलेलं." आणि त्यांना पुढच्या फोटोकडे घेऊन गेल्या. मी दोन पावलांवर उभी होते. मला वाटलं, आत्ता नाही सांगत, माइकवर सांगणार असतील. इतकी मी खुळी.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते.

माझी आई संगीत बारीत नाचायची, म्हणजे थिएटरावर लावणी करणाऱ्या बायकांच्या ताफ्यात. बैठकीची लावणी ही तिची खासियत. या लावणीत उभं राहून धिंगाणा नसतो. बाई बसते, पाय नऊवारीत झाकलेले, आणि गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. दर वेळी अदा वेगळी. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा नुसतीच वाट बघणं. आई म्हणायची, "पाय झाकून ठेवायचे आन् डोळ्यांनी चालायचं." तिची बैठक बघायला दर्दी लोक यायचे. दिवसाढवळ्या भेटले की ओळख दाखवायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आम्ही कसबा पेठेत एका खोलीत राहायचो. एक दिवस दुपारी ताई आल्या. सदाशिव पेठेत त्यांचा कथकचा क्लास, नाव मोठं, घराणं मोठं. डोक्यावरून ओढणी घेतली होती. स्कूटर पार देवळापाशी लावून चालत आल्या होत्या, गल्लीत कुणी बघू नये म्हणून. दारातच वाकून त्यांनी आईच्या पायाला हात लावला. आई मागेच सरकली. तिच्या पायाला त्या पेठेतलं कुणी कधी शिवलं नव्हतं.

"मला शिकवा. उभं राहून सगळं येतं मला, बसून काही येत नाही," ताई म्हणाल्या.

आईनं दोन वर्षं शिकवलं. आपल्या पोरीला शिकवावं तसं. रीतसर गंडा बांधला. गंडा म्हणजे गुरूनं शिष्याच्या मनगटावर बांधायचा दोरा. तो बांधून घेण्याचा हट्ट ताईंचाच, आईनं मागितलं नव्हतं. नारळ, पेढे, आईला हिरवी साडी. आणि एक गोष्ट ताई न चुकता करायच्या. आमच्याकडे गाण्याबजावण्यात गुरूचं नाव घेताना कानाची पाळी चिमटीत धरतात. नाव मोठं आहे, ते घेणारे आपण लहान, म्हणून. आमच्या त्या एका खोलीत ताई 'इंदूबाई' म्हणाल्या की त्यांची बोटं कानाकडे जायचीच. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. एवढी मोठी बाई आणि माझ्या आईसाठी कान धरते!

फोटोवाल्या काकांना ताईंनीच आणलं. शहरातल्या सगळ्या नृत्याच्या कार्यक्रमांना काकांचा कॅमेरा असायचा. ताईंना अदा फोटोतून अभ्यासायची होती. आरशात बघायला गेलं की अदा मोडते, फोटोत ती थांबते, असं त्यांचं म्हणणं. आई पुढे बसून अदा करायची, ताई तिच्या बाजूला बसून तशीच करायच्या, आई हात पुढे करून त्यांची मान, हनुवटी सारखी करायची. काका टिपायचे. एकदा काका गमतीनं म्हणाले, "काय ताई, सध्या कोणाकडे शिकताय म्हणायचं?" ताईंनी हसत कानाची पाळी धरली. "आमच्या इंदूबाईंकडे!" काकांनी तोही फोटो काढला, शेजारी बसलेल्या आईसकट. त्याची प्रिंट त्यांनी आईला दिली. आईनं ती देवाच्या फळीवर, तसबिरीमागे ठेवली.

त्या बदल्यात म्हणा किंवा प्रेमानं म्हणा, ताईंनी मला कथकच्या क्लासला घातलं. फी घेतली नाही. पहिल्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आई काय करते असं कुणी विचारलं, तर शिवणकाम करते म्हणून सांग हं. उगाच मुली चिडवतील." मला वाटलं, किती काळजी आहे यांना माझी. मी शिवणकाम सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. आणि कुणी 'कोणाकडे शिकतेस' असं विचारलं की मी कानाची पाळी धरून ताईंचं नाव घ्यायचे. मनापासून घ्यायचे. मी त्या बाईवर जीव टाकला होता, हे आज लिहितानाही नाकारत नाही.

दिवस बदलले. आईचे गुडघे गेले, थिएटर सुटलं. आम्ही वारज्याला राहायला गेलो. शहरात कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागून पैसा आला. ज्या घरांत लावणीचा शब्द काढत नव्हते, त्या घरांतल्या सुना लावणीच्या वर्कशॉपला जायला लागल्या. ताई वर्कशॉप घ्यायच्या. आईला तिथे त्यांनी दोन-तीनदा बोलावलं. मुलींना नऊवारी नेसवायला.

काका वारले तेव्हा त्यांच्या मुलानं सगळ्या निगेटिव्ह ताईंच्या संस्थेला दिल्या. ताईंनी मला कामाला बोलावलं. "हे काम घरच्या माणसाचं आहे. तुझ्याशिवाय कोण करणार?" मी हुरळून गेले. सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये मी दिवसभर पांढरे हातमोजे घालून निगेटिव्ह पुसायचे, काचेखालच्या दिव्यावर धरून बघायचे, स्कॅन करायचे. कॉलेजातली इंटर्न पोरं शेजारी कॉम्प्युटरवर बसायची. शहरातली सगळी नाचणारी माणसं माझ्या बोटांखालून गेली.

आणि एक दिवस आई निघाली. काचेवर, निगेटिव्हमध्ये, काळ्याचं पांढरं झालेली. तरी मानेच्या वळणावरून मी ओळखली. ते शिकवतानाचं अख्खं रीळ होतं. शेवटी तो कान धरलेला फोटो.

मी ताईंना हाक मारली. त्या वाकून बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. म्हणाल्या, "उद्घाटनाला आईंना घेऊन ये. सगळ्यांसमोर सांगणार आहे मी. इतकी वर्षं राहून गेलं गं."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतली हिरवी साडी तिनं उन्हात टाकलेली दिसली. गंड्याच्या वेळची, ताईंनी दिलेली. तीच नेसून आली होती ती उद्घाटनाला.

त्या साडीत उभं राहून तिनं काष्ट्यासाठीच्या टाळ्या घेतल्या.

त्याच माइकवर ताईंनी मग आपल्या गुरूंची नावं घेतली. लखनौचे गुरुजी, कानाची पाळी धरून. मुंबईच्या बाई, कानाची पाळी धरून. मी आईकडे बघितलं. आईची नजर ताईंच्या हातावर होती. तो हात दोनदा वर गेला, खाली आला आणि माइक धरून राहिला. कार्यक्रम संपला.

रिक्षात आई म्हणाली, "जाऊ दे. शिकवलेलं कुठं जातंय व्हय? तिच्या अंगात हाय न्हवं ते."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "जाऊ दे म्हणू नकोस! तुझं हे 'जाऊ दे'च त्यांना पुरलंय!" घरी आल्यावर तिनं साडीची घडी घातली आणि ट्रंकेत अगदी तळाशी सारली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. मोजे चढवले. ताई आल्या, खुशीत होत्या. वर्तमानपत्रात फोटो आला होता.

मी म्हटलं, "ताई, फोटोतून आई कापली."

"कापली काय म्हणतेस? क्रॉप केलंय. फ्रेम क्लीन हवी होती."

"आणि दुसरा? तुम्ही कान धरलेला? तो तर लावलाच नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "अगं, कान खाजत असेल माझा."

ज्या चिमटीकडे बघत मी लहानाची मोठी झाले, तिला खाज म्हणाल्या. बाकी काहीही मी गिळलं असतं. नेसवायला यायच्या, हेही गिळलं असतं कदाचित, आईसारखं. हे नाही.

"हे बघ," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "जरा व्यवहार बघ. वेबसाइट जगभर जाते. थिएटरातल्या बाईकडे मी गंडा बांधला म्हटलं, की माझ्या कामाकडे कोण बघणार? सगळे तेच चघळत बसतील. आईंना तरी आता काय फरक पडतो? आणि हो, त्या फोटोची एक प्रिंट आहे ना तुमच्याकडे? आणून दे. संग्रहात सगळं एका जागी राहिलेलं बरं. तुमच्याकडे ओल लागून जाईल."

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे देणार नाही."

त्यांचा आवाज बदलला. "तुला कथक कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"एक पैसा घेतला?"

"नाही घेतला. आता तुम्ही सांगा. तुम्हाला बैठक कोणी शिकवली?"

बाहेरच्या खोलीत इंटर्न पोरांचं टायपिंग थांबलं होतं.

"सांगा ना ताई. कोणी शिकवली?"

त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "हळू बोल."

एवढंच. हळू बोल. स्कूटर देवळापाशी लावली तेव्हाही हेच होतं. शिवणकाम सांग म्हणाल्या तेव्हाही हेच. माझ्या आईची कला उचलायची, पण तिचं नाव हळू घ्यायचं. जिला मी इतकी वर्षं माया समजत होते, ती लाज होती. आमची लाज.

मी मोजे काढले, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. आणि मुद्दाम, बाहेरच्या पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "इंदूबाईंनी शिकवली." आणि निघाले. कुणी थांबवलं नाही.

आता मी वारज्यात बैठकीची लावणी शिकवते, आईकडून घेतलेली. एका सोसायटीच्या हॉलमध्ये, मुलींना खाली बसवून. आई खुर्चीवर बसते, गुडघे धरून, आणि चुकलं की पहिल्यासारखी खेकसते. भिंतीवर ती प्रिंट लावली आहे, न कापलेली. पलीकडे कोण आहे, अलीकडे कोण आहे, कोणाचा हात कुठे आहे, सगळं दिसतं. निगेटिव्ह त्यांच्याकडे असूनही संस्थेचा दोनदा फोन आला, प्रिंट स्कॅनिंगपुरती तरी द्या म्हणून. दिली नाही. बघायची असेल तर इथे यावं. स्कूटर दारात लावावी.

आयटीतल्या आया मुलींना घेऊन येतात. विचारतात, "मॅडम, आपण कोणाकडे शिकलात?" मी कानाची पाळी धरते आणि खुर्चीकडे बघून म्हणते, "इंदूबाईंकडे. माझी आई. संगीत बारीत नाचायची." काही आया दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवत नाहीत. न पाठवोत.

कुणी पुढे विचारतं, "आणि कथक?" तेव्हा मी ताईंचं नाव सांगते. पूर्ण, आडनावासकट, खणखणीत. त्यांनी शिकवलं, फुकट शिकवलं, तेही सांगते. मी कुणाला चौकटीतून कापणार नाही.

पण माझा हात खाली असतो. मरेपर्यंत खालीच राहील.