दोघांची टोळी

आयाबाईंनी सत्तावीस वर्षं दवाखान्यात लोकांची घाण उपसली, पण कुणापुढे हात पसरला नाही. फुटपाथवर आल्यावरही नाही. ते काम नवऱ्याकडे होतं.

"तुमचे डोळे गेलेत, तुम्हाला शोभतं," त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली होती. "मी धडधाकट बाई. माझ्या हातावर कोण काय ठेवील? वर दोन शब्द ऐकवतील."

मग तो बसायचा आणि त्या राबायच्या. समोरच्या दुकानांच्या पायऱ्या झाडायच्या, नळावरून पाणी आणायचं, सकाळ-संध्याकाळ त्याच्या डोळ्यांत थेंब घालायचे. थेंबांमुळे त्याला अजून उजेड-अंधार तेवढा कळत होता.

नवरा एका सातमजली कचेरीत लिफ्टमन होता. तिथे बटण दाबलं की आपली आपण चालणारी लिफ्ट आली आणि त्याच वर्षी त्याचा काचबिंदूही कळला. "लिफ्ट आपोआप चालायला लागली आणि मी चालेनासा झालो," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. लोक हसायचे आणि काहीतरी ठेवून जायचे. खोली गेली ती इमारत पाडली तेव्हा. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना दुसरीकडे जागा मिळाली. ज्यांच्याकडे नुसते शेजारी होते त्यांना सामान उचलायला आठवडा मिळाला. एक पुतण्या होता. तो आधी "काकू, बघतो" म्हणाला, मग त्याने फोन उचलणंच सोडलं.

बँक आणि औषधाचं दुकान यांच्यामधल्या भिंतीशी त्यांनी पथारी टाकली. दुपारपर्यंत सावली असायची. तिथेच एका सकाळी नगरपालिकेची माणसं खांबाला पाटी ठोकून गेली. औषधवाल्याने बाहेर येऊन ती मोठ्यांदा वाचून दाखवली. बँक, दवाखाना, बसथांबा यांच्यापासून पन्नास पावलांच्या आत तोंडाने, हाताने किंवा भांडं ठेवून मागायला बंदी. एकटा सापडला तर निवारागृहात रवानगी. दोघं किंवा जास्त जण संगनमताने मागताना सापडले तर ती टोळी, आणि टोळीला तुरुंग.

"नवराबायको म्हणजे टोळी?" आयाबाईंनी विचारलं.

"मग लग्नात टोळीच जमवतात की," लिफ्टमन म्हणाला. "वाजंत्रीसकट."

"तुम्हाला हसू सुचतंय."

पन्नास पावलांपलीकडे जाऊन त्यांनी पाहिलं. तिकडे गॅरेज होतं आणि एका गोदामाची लांबच लांब भिंत. दोन दिवसांत एक माणूस फिरकला, तोही आडोशाला बसायला. परत आल्यावर आयाबाईंनी डोकं चालवलं. टोळी तर टोळी, पण ती सिद्ध व्हायला हवी ना! त्यांनी आपलं बोचकं उचललं आणि वीस पावलं दूर, औषधवाल्याच्या पलीकडच्या पायरीशी ठेवलं.

"गाडी आली तर तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. कळलं?"

"एवढा संसार केला आणि ओळखत नाही म्हणू?"

"तोंडाने म्हणायचंय. मनाने कोण सांगतंय?"

रोज दुपारी त्या उजळणी घ्यायच्या. आवाज जाड करून विचारायच्या, "काय रे, ती बाई कोण?"

"आमच्या ह्या."

"अहो, काय हे! परत."

"कोण बाई? इथे बाई आहे?"

"असं. आणि मी गळा काढून रडले, शपथ घातली, तरी बधायचं नाही. गाडीवाल्यांनीच मला तसं करायला लावलेलं असेल."

आठ-दहा दिवसांत तो तयार झाला. जेवणसुद्धा त्याने तिथे आणि त्यांनी इथे, अशी शिस्त बसली. संसारात कधी त्याने त्यांचं एवढं ऐकलं नव्हतं.

गाडी बुधवारी अकराच्या सुमाराला आली. हातात वही घेतलेली एक साहेबीण उतरली. आयाबाईंनी दवाखान्याचं जुनं ओळखपत्र पुढे केलं. औषधवाला म्हणाला, "ती मागत नाही, मॅडम. झाडलोट करते."

"आणि तो आंधळा? तुझा कोण?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"रस्त्यावरचा माणूस. मला काय ठाऊक?"

साहेबिणीने वही पुढे केली. आयाबाईंनी अंगठा न लावता सही केली. सही येते याचा त्यांना अभिमान होता. लिफ्टमनला गाडीत चढवलं. पायाने पायरी चाचपत तो चढला आणि एकदाही त्यांच्या दिशेने वळला नाही. शिकला बाई एकदाचा, असं त्यांच्या मनात आलं. दोन-चार दिवस ठेवतील, जेवायला घालतील आणि सोडतील, असा त्यांचा हिशेब.

गाडी गेल्यावर औषधवाला सहज म्हणाला, "बिचारा. मागेपुढे कोणी नाही म्हटल्यावर वर्षभर सुटत नाही आता. घरच्या कोणी ओळख दाखवली असती तर हमीपत्रावर सही करून त्याच दिवशी घेऊन जाता आलं असतं."

"आणि तुरुंग?"

"तुम्ही मागत नव्हता, मग टोळी कसली? मी सांगितलंच की त्यांना."

आयाबाईंनी आपलं बोचकं उचलून परत भिंतीशी नेऊन ठेवलं.

निवारागृह गावाच्या टोकाला होतं. दुसऱ्या दिवशी त्या चालत गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने वही काढली.

"तुम्ही त्याच्या पत्नी?"

"हो, साहेब."

"ही सही कोणाची?"

"माझीच."

"वर काय लिहिलंय? 'सदर इसमाशी माझा कोणताही संबंध नाही.' काल नव्हता, आज झाला?"

"भ्यायले मी. त्यांनाच विचारा ना."

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने लिफ्टमनला बोलावून घेतलं. तो भिंतीला हात लावत आला. अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा होता, डोळे चिकटलेले.

"ही बाई तुमची कोण?"

"कोण बाई?"

"अहो, मी आहे," आयाबाई म्हणाल्या. "आता सांगा. सांगितलं तरी चालतं."

लिफ्टमनने मान हलवली. "आवाज ओळखीचा नाही."

"अहो, सोडा ते! मीच सांगते ना, ओळख द्या! शपथ आहे तुम्हाला माझी!"

त्याचा चेहरा जरा उजळला. शपथ येणार हे त्याला माहीत होतं. "बाई," तो शांतपणे म्हणाला, "तुमची काहीतरी चूक होतेय."

आयाबाई रडल्या. मग चिडल्या, चार माणसांत नवऱ्याला बोलू नये ते सगळं बोलल्या. दारावरचा रखवालदार म्हणाला, "एवढी भांडतेय म्हणजे बायकोच असणार."

"भांडणाची पावती चालत नाही," कारकून म्हणाला. "लग्नाचा दाखला आणा, नाहीतर पत्ता असलेले दोन साक्षीदार."

औषधवाला साक्ष द्यायला तयार नव्हता असं नाही. पण तो विचारात पडला. "मी तुम्हाला कधी एकत्र बसलेलं पाहिलंच नाही गेल्या महिनाभरात. आणि त्या दिवशी मॅडमसमोर तुम्हीच नाही म्हणालात. उद्या मलाच खोटारडा म्हणतील." पुतण्याचा फोन वाजत राहिला.

आयाबाई पुन्हा खिडकीशी गेल्या. आत जायला काहीच वाट नाही का, म्हणून विचारलं. कारकुनाने नियम पाहिले. नातेवाईक नसलेल्यांना आत सोडत नाहीत. फक्त दाते येऊ शकतात, रविवारी दहा ते अकरा, फळं किंवा कपडे घेऊन.

त्यांनी तीन दिवस फळवाल्याचा कट्टा धुतला आणि त्याच्याकडून काळी पडलेली केळी पिशवीभर घेतली.

रविवारी पुरुषांना ओळीने बसवलं होतं. "दाते आलेत, नमस्कार करा," अधीक्षक म्हणाले. सगळ्यांनी एका सुरात नमस्कार केला. अधीक्षक पिशवी धरून आयाबाईंच्या खांद्याला खांदा लावून चालत होते. लिफ्टमनची पाळी आली. त्यांनी केळं त्याच्या हातात ठेवलं आणि खाली वाकून विचारलं, "डोळ्यांत थेंब घालतात का?"

त्याची बोटं त्यांच्या मनगटावर आली, क्षणभर थांबली आणि निघून गेली.

"देव तुमचं भलं करो, बाई," तो मोठ्याने, अधीक्षकांना नीट ऐकू जाईल असं म्हणाला.

"चला पुढे," अधीक्षक म्हणाले. "अजून बरेच राहिलेत."

पुढच्या माणसाने दोन्ही हात पुढे केले आणि दोन केळी मागितली.

"एकच," आयाबाई म्हणाल्या.