घरचा नंबर

बाळूअण्णांचा फोन स्पीकरवर होता आणि ऑफिसात कुणी हलत नव्हतं.

"साहेब, पोरगी रस्त्याकडेला एकटीच हुबी हुती. पहिलीतली पोरगी! सर्व्हिस रोडला उसाचे ट्रॅक्टर कसे जात्यात, म्हाईत हाय न्हवं तुमास्नी?"

"अण्णा, पण ती बरी आहे ना?" सरांनी विचारलं.

"चहाच्या गाडीवाल्यानं बसवून घेतली म्हणून बरी हाय. तो नसता तर? तुमचं ते ॲप बोललंच न्हाय आज."

बाळूअण्णांचा निपाणीत शाळेच्या व्हॅनचा धंदा आहे. बेळगावातली आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी त्यांच्यासाठी ॲप बनवत होती. कंपनी सरांची, मी तिथे इंटर्न. उचगावहून रोज बसने येते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आणि हेच ॲप माझा कॉलेजचा प्रोजेक्टही. त्यातलं मेसेजचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे अण्णा सरांशी बोलत असले तरी प्रत्येक वाक्य मला लागत होतं.

काम सांगायला सोपं आहे. व्हॅनमधल्या फोनवरून गाडी कुठे आहे ते सतत कळत राहतं. गाडी दोन थांबे अलीकडे आली की त्या मुलाच्या घरी मेसेज जातो, फोन मोठ्याने वाजतो, आणि घरचं माणूस कोपऱ्यावर येऊन थांबतं. हे मेसेज पोचवायला आम्ही क्लाउडवरची एक रिअल-टाइम मेसेजिंग सर्व्हिस जोडली होती. म्हणजे प्रत्येक फोन त्या सर्व्हिसशी एक लाइन चालू ठेवतो आणि निरोप आला की तो त्या लाइनवरून लगेच फोनवर उतरतो.

पूर्वी ड्रायव्हर हॉर्न द्यायचा आणि कुणी येईपर्यंत थांबायचा. ॲप आल्यावर अण्णांनीच ड्रायव्हरना सांगितलं होतं, आता थांबायचं न्हाय, मेसेज गेलेला असतोय. डिझेल वाचतं, फेरी लवकर संपते. माझ्या कोडवर विश्वास ठेवून त्यांनी हॉर्न बंद केला होता. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं.

"उद्या दुपारची फेरी बघतो," अण्णा म्हणाले. "उद्या बी असंच झालं तर ॲप बंद. परत फोन करू नगासा मला."

सरांनी लॉग काढायला सांगितला. लॉग म्हणजे सर्व्हिसने ठेवलेली नोंद. त्यात स्पष्ट दिसत होतं की त्या घरचा मेसेज गेला आणि पोचला. मी अण्णांना तसं कळवलं.

"पोचला? मग तिच्या आजोबांच्या फोनला का न्हाय? पोस्टमन भलत्याच्या दारात टाकून गेला काय?"

संध्याकाळपर्यंत मी ऑफिसच्या फोनवर मेसेज पाठवत राहिले. दर वेळी फोन वाजला. चूक सापडली तर निदान ती दुरुस्त करता येते. इथे सगळं बरोबर होतं आणि तरी एक मूल रस्त्यावर उभं राहिलं होतं. सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते माझ्या स्क्रीनकडे बघून जात होते.

शेवटी मीच विचारलं, "सर, मी निपाणीला जाऊन बघू का?"

"जा. पण तिथे 'मला माहीत नाही' असं म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"'बघतेय' म्हण."

दुसऱ्या दिवशी त्या घरी पोचले तेव्हा आजोबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. फोन मांडीवर. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. नातीला, तनूला, आणायचं काम त्यांचंच. सून शिलाई मशिनवर बसलेली, मुलगा बेळगावात नोकरीला.

"तू व्हय ॲपवाली?" आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मला वाटलं, कोण तरी मोठं मानूस पाठवत्यात."

"बघतेय मी, आप्पा," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"बघ बाई. सूनबाई म्हणती, आप्पा, झोप लागली असंल तुमास्नी. मी झोपलो न्हवतो."

"मी काय मुद्दाम म्हणाले काय?" मशीन थांबवून वहिनी म्हणाल्या. "पोर एकटी रस्त्यावर म्हटल्यावर तोंडातनं जातंयच की काय तरी."

मी लॅपटॉप उघडून एक चाचणीचा मेसेज पाठवला. आप्पांचा फोन खणखणीत वाजला. पुन्हा पाठवला, पुन्हा वाजला. आप्पा खूश झाले. माझी भीती मात्र वाढली. माणसासमोर शहाणी वागणारी चूक सगळ्यात वाईट.

शाळा सुटायची वेळ झाली. अण्णांचा फोन आला, व्हॅन निघाली. सर्व्हिसच्या स्क्रीनवर कुठला फोन जोडलेला आहे ते दिसतं. मी आप्पांच्या घराच्या ओळीवर नजर ठेवून बसले. जोडला. तुटला. जोडला. तुटला. आप्पांच्या फोनची रेंज पूर्ण होती, नेटही चालू होतं. मग तोडतंय कोण? व्हॅन एकेक थांबा मागे टाकत होती आणि मांडीवरचा फोन गप्प होता.

तेवढ्यात तो वाजला. पण मेसेज नव्हता, मुलाचा कॉल होता. आप्पांनी तो स्पीकरवर घेतला.

"आप्पा, व्हॅन दोन थांब्यावर आली की! निघालासा काय?"

"तुला तिकडं बेळगावात बसून कसं कळलं रं?"

"माझ्या फोनवर आलं न्हवं आत्ता. काल बी आलतं, मला वाटलं तुमाला बी आलं असंल."

मी जवळजवळ ओरडलेच. "दादा, तुमच्या फोनवर ॲप कुठल्या नंबरनं चालू केलंय?"

"घरच्याच. आप्पांच्या नंबरनं. शाळेत तोच दिलाय की."

"आणि ओटीपी?"

"मीच सांगितला," आप्पा म्हणाले. "त्यात काय? घरचाच हाय. तिच्या मामानं मागितला, त्याला बी सांगितला. कोल्हापुरात बसून बघत असतोय भाचीची गाडी."

समजावायला वेळ नव्हता. "आप्पा, आधी चला!"

आप्पा एका पायात चप्पल नीट न घालताच निघाले. मी मागून धावले. कोपऱ्यावर पोचलो तर व्हॅन वळणावर दिसत होती. तनू उतरली, दप्तर आप्पांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काल कुठं हुतासा?"

"फोन वाजला न्हाई गं बाळ."

"मी लई वेळ तिकडंच बघत हुते."

आप्पांनी तिचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

चूक अशी होती. सर्व्हिसशी जोडताना प्रत्येक फोनला एक नाव सांगावं लागतं, त्याला क्लायंट आयडी म्हणतात. आम्ही ते नाव म्हणून मोबाइल नंबरच वापरला होता. एकाच नावाचा दुसरा फोन आला की सर्व्हिस पहिल्याची लाइन तोडते. तोडलेला फोन पुन्हा जोडायला जातो आणि दुसऱ्याला तोडतो. तनूचे बाबा आणि मामा कालपासूनच नेमके शाळा सुटताना ॲप उघडून बसत होते. उघडं ॲप झटकन परत जोडलं जातं. आप्पांचा फोन बॅटरी वाचवत मांडीवर पडलेला, तो दर वेळी हरायचा. मेसेज बाबांच्या फोनवर उतरायचा आणि नंबर एकच म्हणून लॉगमध्ये 'पोचला' दिसायचं. ऑफिसात आमच्याकडे चाचणीचा फोन एकच होता, मग भांडण होणार कुणाशी?

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. आमच्या घरी गॅस, बँक, रेशन, माझी फीसुद्धा बाबांच्याच नंबरवर. कुणाला काही हवं असलं की बाबा अंगणातून ओरडून ओटीपी सांगतात. पण कोड लिहिताना मी माझं घर बाजूला ठेवलं होतं. पुस्तकात एक नंबर म्हणजे एक माणूस असतो.

तिथेच बसून मी बदल लिहिला. नंबर घराचाच राहिला, पण ज्या फोनवर ॲप चालू होईल त्याला स्वतःचं वेगळं नाव. सरांनी बेळगावातून तो तपासून सोडला. मग आप्पा, बाबा आणि मामा, तिघांचे फोन एकदम वाजले.

अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले. मला अजून एक सांगायचं होतं, पण सरही त्याच कॉलवर होते. थोडं अडखळले. मग बोलले.

"अण्णा, ड्रायव्हरना परत थांबायला सांगा. कुणी दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. उद्या फोन चार्जिंगला असेल, रेंज नसेल. माझा कोड कोपऱ्यावर उभा राहू शकत नाही."

"अगं, मग ॲप कशाला घेतील ते?" सर मध्येच म्हणाले.

"घेतो की," अण्णा म्हणाले. "आता खोटं न्हाय सांगत म्हटल्यावर घेतो."

ॲप चालू राहिलं. ड्रायव्हर थांबतात. आता नवीन कुणी ॲप चालू केलं की मी सगळ्यात आधी विचारते, घरचा ओटीपी कुणाकुणाला सांगितलाय? 'कुणालाच नाही' असं उत्तर अजून एकाही घरातून आलेलं नाही.