अप्पांच्या मनगटाने निवडलेला रॉड

मंडळी, आज अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लॅमिंग्टन रोडवरच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात नेलं. आयुष्यभर ते गळाची दोरी बोटावर धरून तळ्याकाठी बसले. शुगरने बोटं बधिर झाली, तसं त्यांनी मासे धरणंच बंद केलं.

दुकानदारअण्णांनी दोन महागडे स्पिनिंग रॉड काढले. मला दणकट, जाड आवडला.

"अप्पा, कण्ण मुच्च्री," अण्णा कानडीत म्हणाले. अप्पांनी डोळे मिटले. अण्णांनी रॉडला बांधलेली दोरी पलीकडून हलकेच ओढली.

जाड रॉड धरलेलं अप्पांचं मनगट हललंच नाही. मग बारीक रॉड हातात दिला. दोरी हलली आणि अप्पांचं मनगट झटकन वर आलं.

"बारका आहे गं," डोळे न उघडताच ते मला म्हणाले. "परत पाण्यात सोड त्याला."

तोच रॉड घेतला. तुमच्या घरात कुणी काय गुपचूप बंद केलंय? विचारलंत कधी?