सुदामकाकांचं वजन

पहिल्या भेटीत सुदामकाकांनी माझं नाव विचारलं नाही. मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "एक्कावन्न. चपला काढल्या त पन्नास." ते दारव्ह्यात आमच्या शेजारी, त्यांच्या बहिणीकडे राहायला आले होते. आठवडाभर मी त्या बाजूची खिडकी उघडली नाही. आकडा बरोबर होता, म्हणून राग जास्त.

काका जॉकी होते. फुलसावंगीजवळच्या तांड्यातला हा लहानखुरा मुलगा कुणीतरी पुण्याला रेसकोर्सवर नेला, आणि पुढची सगळी जवानी त्याने वजनकाट्यावर काढली. शर्यतीआधी खोगीर घेऊन काट्यावर उभं राहायचं, शर्यत संपली की पुन्हा. आकडा जास्त आला तर दुसरा स्वार तयारच. "घोड्याले ओट, गाजरं, आन् मले बरफाचा खडा," काका हसत सांगायचे. "तोंडात फिरवाचा, पन पानी थुकून द्याचं." भर उन्हात अंगाला प्लास्टिक गुंडाळून, वर स्वेटर चढवून पळायचं, मग वाफेच्या खोलीत बसायचं. तरीही थोडं उरलंच तर लघवीच्या गोळ्या. त्यांना हे सगळे पराक्रम वाटायचे. मला ऐकवत नसे. या माणसाला कुणी मारलं नव्हतं, बांधून घातलं नव्हतं. नुसता काटा दाखवला होता.

माझी त्यांची ओळख वाढली तोवर त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर सरळच म्हणाले, "इतकी वर्षं पाणी तोडलंत, गोळ्या खाल्ल्यात, दुसरं काय होणार?" डायलिसिसला यवतमाळला जावं लागे. मी घरून काम करायची, गाडी चालवता यायची, त्यामुळे ने-आण माझ्याकडे आली. वाटेत मी फारशी बोलत नसे. "बरं हाय मॅडम, बोलू नोका," काका म्हणत. "जिभेलेबी वजन असते."

तिथे मशीनला लावण्याआधी वजन करतात आणि नंतरही करतात. पहिल्या दिवशी काकांनी चपला काढल्या, घड्याळ काढलं, खिशातली चिल्लर माझ्या हातात दिली आणि पोट आत ओढून काट्यावर चढले. सिस्टर म्हणाल्या, "काका, इथे कमी भरायची गरज नाही हो." मी बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिले.

त्या हिवाळ्यात त्यांच्या भाच्याने, अविनाशने, जेवण सोडलं. तो शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचा, धुरकरी होता. जोडीचे मालक भाऊसाहेब बैलांना अंडी, तूप, बदाम चारत. अविनाशला त्यांनी सांगितलं होतं, "पाच किलो कमी कर, तवाच बसवतो." पोरगा भर दुपारी रेनकोट घालून पळायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, "मामानंच त सांगतलं न ताई, कसं कराचं थे!"

खाटेवर बसलेल्या काकांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून रेसकोर्सच्या गोष्टी बंद झाल्या. यवतमाळच्या पुढच्या खेपेला ते भाच्याला म्हणाले, "चाल, मले सोबत पायजे."

काका काट्यावर उभे होते तेव्हाच अविनाशचा फोन वाजला. भाऊसाहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, "अव्या, किती भरला बे आज?"

काकांनी हात पुढे करून फोन घेतला. "अठ्ठेचाळीस, भाऊसाहेब."

"वा रे पठ्ठे! एकदम फिट!"

"फिटच. त्यातलं दोन किलो पानी हाय, थे आता मशीन काढते. मुतता येत नाही न मले."

"कोन बोलून राह्यलं?"

"तुमचा धुरकरी," काका म्हणाले. "असा होते मंग थो." आणि फोन बंद केला.

मशीन चालू होतं तोवर अविनाश नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे पाहत बसला.

त्या पटात अविनाशच्या जागी दुसराच पोरगा बसला. जोडी पहिली आली. चौकात फ्लेक्स लागला: भाऊसाहेब, त्यांचे पुढारी, हार घातलेले दोन बैल. काकांनी गाडी थांबवायला लावून तो नीट वाचला. "बैलायचं नाव हाय," ते म्हणाले. "पोराचं काहून नाही?"

उन्हाळ्यात काका गेले. तेरवीला भाऊसाहेब आले आणि भर मंडपात म्हणाले, "मानूस काटक होता. शेवटलोक वजन वाढू देल्लं नाही." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी भाताचं पातेलं घेऊन पंगतीत उभी होते. कौतुक होतं ते! मग त्यांची नजर शेवटच्या पंगतीत बसलेल्या अविनाशकडे गेली.

"भरला बे तू. कमी कर जरा, पुढच्या पटाले तुलेच बसवतो."

अविनाशने तोंडातला घास सावकाश संपवला. त्यांच्याकडे पाहतच त्याने ताट माझ्यापुढे सरकवलं.

"ताई, भात वाढ."

मी वाढला. त्याने हात आडवा केला नाही, म्हणून आणखी वाढला.